अंगणांतील शाळा

वाघोलीच्या आसपास दगडांच्या खाणींवर राबणारीं कुटुंबें पुष्कळ वर्षें राहत आलीं आहेत. सायंकाळीं त्या बाजूस गेल्यास चार-पांच वर्षांचें एखादें मूल खडीच्या ढिगापाशीं बसून लहान खडा, त्याहून मोठा, त्याहूनही मोठा, अशी रांग मांडतांना दिसावें. आपण म्हणतों, पोर धुळींत खेळत आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं बालकांकरितां जीं साधनें केलीं त्यांत १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणारे दहा लांकडी ठोकळे आहेत. मुलानें ते क्रमानें एकावर एक रचावयाचे. खाणीवरील मूल याहून निराळें काय करितें? परंतु एकास आपण शिक्षण म्हणतों आणि दुसऱ्यास हात धुवावयास पाठवितों.

हा भेद ज्यांनीं मोडला त्या ताराबाई मोडक. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेंत भाग घेतला, व १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. आमच्या पुणें जिल्ह्यांतील मोरगांवच्या अनुताई वाघ त्यांस तेथें मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तींतील मुलें येईनात. कोणाच्या कडेवर धाकटें भावंड, कोणास अंगावर धड कपडा नाहीं. तेव्हां या बायांनीं मुलांस दोष न देतां शाळाच उचलून वस्तींत नेली. आधीं मुलांस न्हाऊं घालावयाचें, केंस विंचरावयाचे, मग खेळ मांडावयाचा. विकतचीं साधनें परवडणारीं नव्हतीं. शिंपले, बिया, पानें, खडे हींच साधनें झालीं. अंगणांत भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या मुलांमागून शाळा कुरणांत गेली, ती कुरणशाळा. सरकारनें १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. वाघोलीच्या खाणींवर संतुलन संस्थेनें पाषाणशाळा भरविल्या त्याही याच न्यायानें.

आतां आमच्या घरची गोष्ट. तीन वर्षांच्या मुलीस आम्हीं पाटीवर अक्षर गिरवावयास बसविलें. घटकाभरानें पाहतों तों पाटीचा पोळपाट झालेला, व त्यावर ओल्या मातीच्या भाकरी थापणें चाललेलें! आम्हीं पाटी हिसकावून घेतली. मुलगी रडली, आणि पुढें महिनाभर पाटीजवळ फिरकली नाहीं. अक्षर काढण्यास जीं बोटें व जें मनगट लागतें त्यांस बळ त्या थापण्यानेंच येत होतें. चौघांस चार भाकरी वाढतांना मोजणीही होत होती. हें आम्हांस उशिरा उमगलें. तिसऱ्या वर्षीं किती अक्षरें येतात, असें पाहुण्यांदेखत विचारणाऱ्या पालकांस आम्ही कोणत्या तोंडानें हंसावें?

आमच्या विद्यार्थ्यांस मात्र एक काम सांगतों. सुटींत चिंचोके, करवंट्या, चिंध्यांचे रंगीत तुकडे जमवावे व घरच्या धाकट्या भावंडापुढें ठेवून आपण गप्प बसावें. चिंचोके धुऊन वाळवून द्यावे. आणि जें लेंकरूं अजून सर्व वस्तु तोंडांत किंवा नाकांत घालतें त्यास ते देऊं नयेत, करवंट्याच पुरेत.