हँडल फिरतं, काच हलत नाही : गाडीच्या दारातला 'साधी यंत्रे'चा पाठ



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'साधी यंत्रे' हा पाठ आहे. अडकित्ता, कात्री, विहिरीवरचा रहाट ही उदाहरणं आपण दरवर्षी सांगतो आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. पण रहाट हाताने ओढलेलं मूल आता वर्गात सापडणं कठीण. त्यापेक्षा जुन्या मारुती 800 किंवा अल्टोच्या दारात काच वर-खाली करायचं हँडल असतं ना, ते घ्या. अशा गाड्या अजून पुष्कळ घरी आहेत. स्वतःच्या घरी नसली तर शेजारी असते, नाहीतर गावातल्या वडापच्या गाडीत असतेच.

हे हँडल प्लॅस्टिकचं असतं आणि ते कधीतरी दगा देतं. घाटात मुलाला मळमळायला लागतं आणि नेमकी त्याच वेळी काच उतरत नाही, हा अनुभव बऱ्याच पालकांना असेल. हे काम घरी करता येतं. पण करताना मुलाला फक्त 'पाना दे, कापड दे' यासाठी उभं करू नका. नेमकं काय बिघडलंय हे शोधायचं काम त्याच्याकडे द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण तिथेच आहे, बसवणं हे नंतरचं.

संवाद साधारण असा होऊ द्या.

"बाबा, हँडल फिरतंय पण काच हलत नाहीये."
"मग हँडल आणि काच यांच्या मध्ये काय काय असेल?"

इथे थांबायचं. उत्तर आपण द्यायचं नाही. मूल अंदाज करेल, चुकेल, चुकू द्या. दारातून एक छोटी लोखंडी आस बाहेर आलेली असते, तिच्यावर हँडल बसतं. ती आस दाराच्या आतलं यंत्र फिरवते (गॅरेजमध्ये याला काचेचं मशीन म्हणतात) आणि ते मशीन काच उचलतं. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो : हँडल, मशीन किंवा काच अडकवलेली जागा. हँडल काढून आस फिरवून पाहिली की उलगडा होतो. आस फिरवली आणि काच हलली, तर दोषी हँडल. आस फिरूनही काच हलली नाही किंवा आतून कडकड आवाज आला, तर दाराचं पॅड उघडावं लागतं. ते काम मेकॅनिकचं, आपण तिथे थांबायचं.

आता हँडल काढायचं कसं? आधी मधोमध एखादी टोपी आणि तिच्याखाली स्क्रू आहे का ते बघा. काही गाड्यांत असतो. मारुतीच्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा स्क्रू दिसत नाही आणि इथेच लोक अडतात, मग ओढाताण करून दाराचं पॅड फाडतात. खरी पकड असते हँडलच्या मागे लपलेल्या तारेच्या छोट्या क्लिपची. आकार घोड्याच्या नालासारखा. ती काढायला जुन्या सुती बनियनची लांब पट्टी पुरते.

हँडलच्या मागे प्लॅस्टिकची एक चकती असते. ती तळहाताने दाराकडे दाबा. हँडल आणि चकती यांच्या फटीत पट्टी सरकवा, दोन्ही टोकं धरून ताणा आणि रवीची दोरी ओढतो तशी उजवी-डावी ओढत राहा. क्लिपची टोकं कापडात अडकतात आणि ती निसटते. एका बाजूने नाही जमलं तर पट्टी दुसऱ्या बाजूने घालून बघा, कारण क्लिपचं तोंड प्रत्येक गाडीत एकाच दिशेला असेलच असं नाही.

मात्र ही क्लिप टुणकन उडते. मुलाने आणि तुम्ही, दोघांनीही चष्मा लावायचा, साधा गॉगलही चालेल. तोंड हँडलच्या अगदी समोर न्यायचं नाही. दार लावून आत बसून काम करा आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरा, म्हणजे क्लिप सीटखाली हरवणार नाही. पट्टी ओढायचं काम मोठ्यांनीच करावं.

हँडल निघालं की मुलाला आस नुसत्या चिमटीत धरून फिरवायला सांगा. फिरत नाही! मग पकडीला कापड गुंडाळून हलकेच फिरवून बघा (कापड नसेल तर आसेचे दाते खराब होतात). आता पट्टीने मोजा. समजा हँडलची लांबी 10 सेमी आली आणि आस 1 सेमी जाडीची, म्हणजे त्रिज्या 0.5 सेमी. 10 भागिले 0.5 म्हणजे 20. आसेवर लागणारं बल हाताच्या बलाच्या सुमारे 20 पट. मग ही सवलत फुकट मिळाली का? काच पूर्ण वर जायला हँडलचे किती फेरे लागतात ते मोजायला सांगा. हाताने केलेला लांबचा प्रवास, हीच त्याची किंमत. फळ्यावर हे वाक्य दहादा लिहूनही जे पोचत नाही, ते इथे पाच मिनिटांत पोचतं.

आसेवरचे दातेही मोजून घ्या. समजा 20 निघाले, तर एक दाता सरकवला की हँडल 360 भागिले 20, म्हणजे 18 अंशांनी वळतं. कोन आणि भागाकार एकाच जागी! जुन्या हँडलच्या भोकातले दाते मात्र गुळगुळीत झालेले दिसतील. लोखंडापुढे प्लॅस्टिक झिजणारच. एका अर्थी बरंच आहे, स्वस्तातला भाग झिजला आणि दारातलं महाग मशीन वाचलं.

नवीन हँडल आणायला जाताना जुनं सोबत न्या. 'अल्टोचं द्या' एवढं सांगून भागत नाही. दुकानातच दोन्हींची भोकं आणि दाते शेजारी धरून जुळवा, मुलालाच जुळवू द्या.

बसवताना क्रम उलटा. आधी क्लिप नव्या हँडलच्या खाचांत सरकवा, चकती आसेवर ठेवा. काच पूर्ण बंद असू द्या. मग समोरच्या दाराचं हँडल काच बंद असताना कोणत्या दिशेला आहे ते बघून त्याच कोनात हे लावा, नाहीतर ते गुडघ्याला लागत राहतं. तळहाताने सरळ दाबा. 'टक्' असा आवाज आला म्हणजे क्लिप बसली. हातोडी वापरायची गरज नाही. हलकं ओढून बघा आणि काच दोन वेळा पूर्ण खाली-वर करा.

ही सवय लागली की मुलं गाडीत आणखी काय काय उघडायला बघतात. त्यांना आधीच स्पष्ट सांगा : स्टिअरिंग, एअरबॅग, सीटबेल्ट आणि ब्रेक यांना घरी हात लावायचा नाही. आणि काम चालू असताना किल्ली तुमच्या खिशात.

जुनं हँडल टाकू नका. वर्गाच्या विज्ञान कोपऱ्यात ठेवा आणि शेजारी एक चांगलं हँडलही ठेवता आलं तर उत्तम. डोळे मिटून दोन्ही भोकांत बोट घातलं की कोणतं झिजलंय ते तिसरीचं मूलसुद्धा सांगतं.