मुंबाड : परदेशी पत्त्यांच्या खेळांतील आपली मुंबई

पत्ते म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बावन्न पानांचा कॅट येतो. एका घरचा कॅट दुसऱ्या घरच्या कॅटासारखाच असावयाचा, आणि डाव कसा रंगेल तें पिसण्यावर व वाटण्यावर अवलंबून राहावयाचें. ही जुनी समजूत 1993 सालीं अमेरिकेंत मोडली. रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें ‘मॅजिक’ हा खेळ रचला. त्यांत प्रत्येकानें पत्त्यांचीं बंद पाकिटें विकत घ्यावीं, हातीं आलेल्या पत्त्यांतून निवड करून स्वतःचा कॅट जुळवावा, आणि मग प्रतिस्पर्ध्यासमोर बसावें, अशी योजना होती. जुने पत्ते अंगवळणीं पडले कीं प्रकाशक नवा पुरवणी-संच काढी, आणि खेळ पुन्हां ताजा होई.

याच गारफील्डनें 1996 सालीं ‘नेटरनर’ हा भविष्यकालीन कथानकाचा खेळ दिला. बुद्धिबळांत दोन्ही बाजूंचीं मोहरीं सारखीं असतात. येथें तसें नाहीं. एक खेळाडू बलाढ्य कंपनी होतो व आपले पत्ते पालथे मांडतो. दुसरा एकटा ‘रनर’ होतो. तो संगणकांच्या जाळ्यांतून कंपनीच्या गुप्त दालनांत शिरून तिचे बेत चोरूं पाहतो. जो आधीं सात गुण मिळवील तो जिंकला. या खेळाचा ‘प्रोटियस’ हा पुरवणी-संच त्याच वर्षीं निघाला, 1999 सालीं ‘क्लासिक’ नांवाचा लहानसा संच आला, आणि मग प्रकाशकानें खेळ बाजूस ठेवला.

तो 2012 सालीं पुन्हां उठला. मिनेसोटा संस्थानांतील फँटसी फ्लाइट या प्रकाशन-संस्थेनें मूळ नियमांचा परवाना घेतला व त्यांस आपल्या ‘अँड्रॉइड’ या कल्पित जगाची जोड दिली. शिवाय पाकिटांतील सोडत तिनें बंद केली. कोणत्या पाकिटांत कोणते पत्ते आहेत हें आतां आधींच ठाऊक असे, त्यामुळें ज्याच्या खिशांत अधिक पैसे त्याचा कॅट अधिक चांगला, हा जुन्या पद्धतींतला दोष बराच कमी झाला. सहा पाकिटांचें एक आवर्त, आणि बहुतेक आवर्तांना एखादें स्थळ नेमून दिलेलें. एक चंद्रावरचें, एक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचें. पांचवें आवर्त भविष्यांतल्या मुंबईवर बेतलेलें होतें. त्याचें नांव ‘मुंबाड’. 2015 च्या अखेरीपासून 2016 च्या मध्यापर्यंत तीं सहा पाकिटें एकामागून एक बाहेर पडलीं.

पहिल्या पाकिटाचें नांव ‘काळा घोडा’ व चौथ्याचें ‘साष्टी बेट’. परदेशी माणसास मुंबई म्हटली कीं ताज व गेटवे आठवतात. या रचनाकारांनीं निदान त्यापुढें नजर टाकली. गंमत अशी कीं, पाकीट निघालें तेव्हां काळ्या घोड्यापाशीं घोडा नव्हता. सातव्या एडवर्डाचा तो अश्वारूढ पुतळा 1965 सालीं तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला, आणि आतांचा स्वाराविना उभा असलेला नवा घोडा 2017 सालचा. मधलीं पन्नासांवर वर्षें तें नांव नुसत्या लोकांच्या जिभेवर राहिलें, आणि तेथूनच तें पत्त्यांवर गेलें. साष्टीचें उलट आहे. पोर्तुगीज, मराठे व इंग्रज ज्या बेटासाठीं झगडले, त्यावर आज मुंबईचीं उपनगरें व ठाणें वसलेलें आहे. पण तेथें राहणारा माणूस आपण साष्टींत राहतों असें क्वचितच म्हणतो.

परंतु नांवें कोणीहि नकाशांतून उचलील. या संचाचें खरें वैशिष्ट्य त्याच्या नियमांत आहे, आणि विद्यार्थिमित्रहो, येथें थोडें सावकाश वाचावें. या खेळांत प्रत्येक कॅट एका गटाचा असतो. दुसऱ्या गटाचे पत्ते उसने घेतां येतात, पण त्यांची किंमत ठरलेल्या गुणांतून मोजावी लागते. हे गुण बहुधा पंधरा, त्यामुळें उसनवारी बेतानें करावी लागे. मुंबाड-संचानें ‘युती’चे पत्ते आणले. एखाद्या परक्या गटाचे सहा साधे पत्ते तुम्ही घेतले, तर त्या गटाचा युतीचा पत्ता फुकट. म्हणजे ज्याच्याशीं सोयरीक वाढवाल तोच तुम्हांस सवलत देईल! संचाच्या कथानकांत निवडणुकीचें राजकारण आहे, आणि कृत्रिम रीतीनें निर्माण केलेल्या माणसांस, म्हणजे क्लोनांस, मताधिकार असावा काय हा वाद आहे. तो वाद पत्त्यावरील चित्रांत जितका दिसतो त्याहून अधिक या देवघेवींत दिसतो, असें आमचें मत आहे.

दुसरा नियम तर याहून मार्मिक. क्लोनांच्या मताधिकाराची चळवळ हा एक पत्ता आहे, आणि तो रनरच्या नव्हे, कंपनीच्या कॅटांत जातो! अशा राजकीय पत्त्यांपुढें कंपनीनें संरक्षक अडसर मांडला तर ते निरुपयोगी होतात. उघड्यावर ठेवले तरच फळ देतात. राजकारण चव्हाट्यावरच करावें लागतें, आणि चव्हाट्यावर असलेली वस्तु कोणीहि मोडूं शकतो, ही अडचण खेळणाराच्या हातांत आपोआप येते.

मुंबादेवीच्या देवळाचाहि पत्ता आहे. कॅटांत पंधरा किंवा त्याहून कमी अडसर ठेवणाऱ्यास तो फुकट मिळतो, आणि पत्ते उघडण्यासाठीं दर डावाला दोन नाणीं देतो. देवळाचा इतकाच उपयोग कल्पिलेला पाहून आपल्याकडील वाचकास थोडें चमत्कारिक वाटेल, व तें वाटणें अगदींच गैर नाहीं. ‘इतिहास-संग्रहालय’ हा पत्ता पन्नास किंवा अधिक पत्त्यांच्या कॅटास फुकट. तो टाकून दिलेल्या पत्त्यांतला एक प्रत्येक डावाच्या आरंभीं परत कॅटांत पिसून घालतो. त्याचा प्रतिकार रनरकडे आहे, त्याचें नांव ‘साष्टीची झोपडपट्टी’ : तिच्या बळावर मोडलेला पत्ता खेळांतून कायमचाच नाहींसा होतो. संग्रहालय जें जपून ठेवतें तें झोपडपट्टी पुसून टाकते, ही जोडी ज्यानें कल्पिली त्याला मुंबई कांहीं अंशीं कळली होती. ‘हरिश्चंद्र’ नांवाची एक मनोरंजन-कंपनीहि संचांत आहे. तिच्या माणसांनीं रनरचा माग काढला कीं त्यास हातांतले पत्ते उघडे धरून खेळावें लागतें. सत्यवचनी राजाच्या नांवाला हें शोभून दिसतें, आणि 1913 सालच्या फाळक्यांच्या बोलपटापूर्वींच्या चित्राचीहि आठवण होते.

संचांत दोष नव्हते असें नव्हे. देऊळ व संग्रहालय हे दोन पत्ते एकत्र आले कीं कंपनी मांडतच जाई, रनर मोडतच जाई, आणि सामना संपता संपत नसे. कंटाळलेल्या खेळाडूंनीं तक्रारी केल्या व पुढें स्पर्धांच्या नियमांत अशा पत्त्यांवर बंधनें आलीं.

याहून मोठा घाव बाहेरून बसला. खेळाचे मूळ नियम एकाचे, कल्पित जग दुसऱ्याचें, अशी ही भागीदारी होती. परवान्याची मुदत संपली, आणि 2018 च्या ऑक्टोबरांत फँटसी फ्लाइटनें खेळाची विक्री थांबविली. तेव्हां खेळाडूंनींच मंडळी जमवून नवे संच काढावयास आरंभ केला. ही मंडळी आतां ‘नल सिग्नल’ या नांवानें ओळखली जाते, आणि नवशिक्यांसाठीं तिनें 2021 सालीं ‘सिस्टिम गेटवे’ हा संच दिला. तिचे पत्ते कोणीहि घरीं छापून खेळूं शकतो.

मुंबाडचीं पाकिटें मात्र पुन्हां छापलीं गेलीं नाहींत, व मुख्य स्पर्धांतूनहि तो संच बाहेर पडला. आज ते पत्ते ज्यांनीं जपून ठेवले आहेत त्यांच्याच पेट्यांत सांपडतात.