पिकअपच्या हौद्याची ट्रॉली

पिकअप गाडीचे इंजिन बसले, केबिन सडली, तरी मागचा हौदा आणि त्याखालची चेसी बहुधा आणखी दहा वर्षे चालेल अशा स्थितीत असते. असा मागचा भाग चाकांसह कापून, पुढे दांडा जोडून, छोट्या ट्रॅक्टरमागे ओढायची दोन चाकी ट्रॉली बनवण्याचे काम बीड जिल्ह्यात गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत होते. मोठी ट्रॉली बांधावरून वळत नाही आणि लहान शेतकऱ्याला ती परवडतही नाही. कडबा, शेणखत, कापसाची गाठोडी, फवारणीचे पाणी अशा रोजच्या वाहतुकीला पिकअपचा हौदा नेमका पुरतो. काम दोन-चार दिवसांत उरकते आणि दिसते सोपे. हौद्यापुरते ते सोपे आहेही. धोका असतो तो हौद्याच्या पुढच्या चार-पाच फुटांत, म्हणजे जे जुन्या गाडीत नव्हते आणि दुकानात नव्याने जोडले जाते त्या भागात.

भंगारातली गाडी घेताना आधी कागद पाहावा लागतो, मग पत्रा. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने ते नोंदणी कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे, आणि त्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली आहे. बीडची नोंदणी एमएच-२३ मध्ये होते, अंबाजोगाईची एमएच-४४ मध्ये. आरसी बुक रद्द न होता गाडी कापली गेली, तर चेसी नंबर एका माणसाच्या नावावर आणि हौदा दुसऱ्याच्या शेतात अशी अवस्था होते, आणि एखादे प्रकरण उद्भवले की उत्तर देणे दोघांनाही जड जाते. म्हणून आरसी रद्द झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत गॅस कटर पेटवू नये.

पत्र्याचे परीक्षण वरून होत नाही. हौद्याखाली आडवे पडून, चेसीचे दोन्ही चॅनेल हातोडीने ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि पापुद्रे पडतात. कमानपाट्यांचे कान जिथे चेसीला रिबेटने बसवलेले असतात, तिथे चिखल साचून गंज सर्वांत आधी लागतो. चेसी तिरकी झाली आहे का, हे पाहायला सुतळी पुरते. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट, अशी दोन मापे घ्यावीत. त्यांत बोटभर फरक निघाला तर गाडी कधीतरी जोरात ठोकलेली असते. तिची ट्रॉली सरळ चालत नाही आणि टायर एका बाजूने झिजतात.

कापण्याआधी डिझेलची टाकी, तिच्या नळ्या आणि वायरिंग काढून दूर ठेवावे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त घातक असते, कारण आत वाफ भरलेली असते. कापायची जागा केबिनच्या अगदी मागे धरावी. चेसी जितकी लांब राहील, तितका नव्या दांड्याला आधार मिळतो. हौद्याबरोबर संपणारी चेसी दिसायला नीटस, पण तिला धरायला जागा उरत नाही.

आता दांडा. प्रस्तुत लेखकाच्या ट्रॉलीचा दांडा म्हणजे एक चौकोनी पाईप होता. चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीला तो समोरून टेकवून चारही बाजूंनी वेल्ड केलेला होता. वेल्ड ओबडधोबड दिसू नये म्हणून ग्राइंडरने घासून गुळगुळीत केला, त्यावर निळा रंग चढवला. जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही कळत नव्हते, आणि त्याचे त्या वेळी कौतुकच वाटले होते. घासताना वेल्डचा जो फुगवटा उडाला, तीच त्याची ताकद होती.

२०१९ चा उन्हाळा होता. जिल्ह्यात ठिकठिकाणी चारा छावण्या सुरू होत्या, आणि ज्यांची जनावरे घरी होती त्यांना पाणी लांबून आणावे लागत होते. ट्रॉलीत दोनशे लिटरचे सहा ड्रम बसत, म्हणजे पाण्याचेच बाराशे किलो. उतरवायला सोपे पडावे म्हणून ड्रम फाळक्याकडे सरकवून ठेवलेले असत. ओढ्यातून चढ चढताना तो जोड पूर्ण तुटला. हौद्याचे तोंड वर उडाले, मागचा भाग जमिनीला घासला आणि ट्रॉली उलटी घसरत जाऊन एक चाक बांधात रुतल्यावर थांबली. ड्रम ओढ्यात गेले. ड्रम धरून फाळक्याजवळ बसणारा पुतण्या त्या दिवशी गावात नव्हता. ट्रॉलीला सुरक्षा साखळीही होती. पण तिची कडी त्याच पाईपवर वेल्ड केलेली असल्याने पाईप आणि साखळी दोन्ही ट्रॅक्टरमागे लोंबत राहिले आणि ट्रॉली मागे गेली.

तुटलेला जोड नंतर उजेडात पाहिला, तेव्हा अर्धा भाग चकचकीत आणि उरलेला तपकिरी गंजलेला दिसला. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक दिवसांपासून आत सरकत होती आणि शेवटचा अर्धाच काय तो त्या दिवशी तुटला. आठवडाभर आधी त्या जागी निळ्या रंगातून केसाएवढी तांबूस रेघ आलेली दिसली होती. फांदीचा ओरखडा समजून तिच्यावर बोट फिरवून सोडून दिले होते. रंगावर आलेली अशी तांबूस रेघ हे चिरेचे पक्के लक्षण आहे. आत पाणी जाते, गंज धरतो आणि भेगेतून बाहेर पाझरतो. तिच्यावर पुन्हा रंग लावू नये. ट्रॉली रिकामी करावी आणि जोड उघडून पाहावा.

पाईप कमी जाडीचा होता म्हणून तुटला असे नव्हे. खड्ड्यागणिक दांडा वर-खाली वाकतो, आणि तो वाक जिथे दोन लोखंडे काटकोनात भेटतात तिथेच जमा होतो. वायर मागे-पुढे वाकवून तोडतात तसेच ते आहे. म्हणून दांडा टेकवून जोडायचा नसतो, चेसीखाली लांबवर सरकवायचा असतो. १०० मिलिमीटरचे दोन चॅनेल, मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास वजनाचे, पिनेपाशी एकत्र येऊन त्रिकोण होईल असे घ्यावेत. त्यांचे मागचे पाय चेसीच्या दोन्ही चॅनेलांखालून किमान पाट्यांच्या पुढच्या कानापर्यंत जावेत. वेल्ड लांबीच्या दिशेने घालावा. चॅनेलच्या रुंदीला आडवा वेल्ड घातला की वाकण्याची रेघ आपणच आखून दिल्यासारखे होते. जोडपट्टी चौकोनी न ठेवता शंकरपाळ्याच्या आकाराची कापावी, म्हणजे तिची कड तिरकी पडते. नटबोल्टचीही जोड द्यावी. वेल्ड घासून सपाट करू नये. आणि सुरक्षा साखळीच्या कड्या दांड्यावर न लावता मागे मूळ चेसीवर, दोन्ही बाजूंना एकेक, अशा लावाव्यात. मग दांडा तुटला तरी ट्रॉली सुटत नाही.

पिनेपासून हौद्याच्या तोंडापर्यंत चार ते पाच फूट अंतर लागते. त्याहून कमी ठेवले तर बांधावर वळताना ट्रॅक्टरचे मागचे टायर हौद्याच्या कोपऱ्याला लागते. दुकानातून निघण्याआधी ट्रॅक्टर जोडून, अगदी हळू, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हे पाहून घ्यावे. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा हाताशी येईल तो बोल्ट घालण्याची सवय सर्वत्र आहे. सळई मऊ असते, भोकात फिरून मध्येच बारीक होते. पिन मापाची असावी आणि तिच्या खालच्या टोकाला लॉक असावे.

वेल्डिंगच्या वेळी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेल्डिंग मशीनची अर्थिंगची चिमटी वेल्डच्या जवळ, त्याच लोखंडाला लावायची. ती चाकाच्या ड्रमला लावली तर करंट हबच्या बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि नवे बेअरिंगही काही महिन्यांत घरघरू लागते. दुसरे म्हणजे कमानपाटे आणि यू-बोल्ट यांना कधीही वेल्ड करू नये. पाट्याचे पोलाद तापवून विशिष्ट कडकपणा दिलेले असते. वेल्डच्या उष्णतेने ते त्या जागी ठिसूळ होते आणि भरल्या ओझ्याखाली काचेसारखे तुटते. पाटे कडक वाटले तर एखादा कमी करता येतो, पण रिकाम्या ट्रॉलीच्या उसळ्या कमी करण्यासाठी निम्मे पाटे काढणे म्हणजे ओझ्याची ताकदच काढून घेणे.

मागची धुरी जशीच्या तशी वापरली तर प्रोपेलर शाफ्ट निघतो, पण क्राऊन-पिनियन आतच राहतात आणि चाकांबरोबर फिरत राहतात. ऑईल काढून टाकले की ते कोरडे घासून जॅम होतात. त्यामुळे ऑईल ठेवावे आणि शाफ्ट निघालेल्या तोंडाला झाकण बसवावे. काही गाड्यांत चाक हबवर, म्हणजे हाऊसिंगवर तोललेले असते. तिथे आतले दांडे काढून टाकता येतात. काहींत चाक थेट त्या दांड्यावरच बसलेले असते, तिथे दांडा काढला की चाकच निघते. कोणता प्रकार आहे हे मिस्त्रीकडून कापण्याआधी समजून घ्यावे. जुन्या हँडब्रेकची केबल मात्र टाकून देऊ नये. तिचा लिव्हर दांड्यावर बसवला की उभ्या ट्रॉलीला चांगला ब्रेक मिळतो आणि चाकामागे दगड शोधत फिरावे लागत नाही. तरी दगड लावावाच.

ओझे कुठे ठेवायचे, हे बैलगाडी हाकलेल्या पिढीला सांगावे लागत नसे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की मान चेपते. बैल अडून उभा राहतो म्हणून चूक लगेच कळते, ट्रॅक्टर अडत नाही. उलाळ ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वर उचलते, चाकांची पकड जाते आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर, म्हणजे पिनेवर यावा. बाराशे किलोच्या एकूण वजनाला तो एकशेवीस ते एकशेऐंशी किलो होतो. दोन माणसांना दांडा जेमतेम उचलता येईल इतपत, असा त्याचा साधा अंदाज.

हौदा भरला म्हणजे ट्रॉली भरली असे नसते. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच हौद्यात पंचावन्न घनफूट माल मावतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा वाळू अर्ध्या ब्रासहून थोडी जास्त बसते. एक ब्रास वाळू चार ते साडेचार टन भरते. म्हणजे काठोकाठ वाळूचा हौदा दोन टनांच्या पुढे जातो, आणि बोलेरो पिकअपसारख्या गाड्या तर १.३ किंवा १.७ टनांच्या मापाने विकल्या जातात. ट्रॉली करताना दांड्याचेही वजन वाढलेले असते. कापूस किंवा कडबा शीग लावून भरला तरी चिंता नाही. वाळू, खडी, ओले शेणखत आणि पाणी मात्र मापूनच घ्यावे.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची ती खालच्या ड्रॉबारला. हायड्रॉलिकच्या वरच्या लिंकला जोडली तर ओढ मागच्या धुरीच्या वरून लागते आणि चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलून तो मागे उलटतो. धारूर ते तेलगाव रस्त्यावरचा धारूरचा घाट उतरताना प्रश्न उलटा होतो. या ट्रॉलीला चालताना लागणारा ब्रेक नसतो, सगळे ओझे ट्रॅक्टरला मागून ढकलते. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकून घ्यावा, गाडी न्यूट्रल करू नये, आणि शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले डावे-उजवे ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडलेले आहेत याची खात्री करावी. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते.

सार्वजनिक रस्त्यावर ट्रॉली हेही कायद्याने वाहनच आहे. तिची नोंदणी लागते, ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर तिच्यावरही लिहावा लागतो आणि विमा नसेल तर अपघाताची भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. घरी जोडलेल्या ट्रॉलीला पासिंग मिळेलच असे नाही. म्हणून खर्च करण्याआधी बीड किंवा अंबाजोगाईच्या कार्यालयात जाऊन विचारावे, आणि ती शेतशिवारातच फिरणार असेल तर तसेच ठरवून बांधावी. माणसे बसवण्यासाठी ती नाहीच. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे सामानावर, लेकरे मांडीवर घेऊन बसलेली दिसतात, आणि दांडा कसा तुटतो हे एकदा पाहिलेल्याला ते दृश्य पाहवत नाही.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग असते. अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळण्याचे अपघात याच दिवसांत वाढतात. पिकअपचे मागचे दिवे बहुधा शाबूत असतात, त्यांची वायर बारा व्होल्टच्या सॉकेटने ट्रॅक्टरला जोडणे तासाभराचे काम आहे. दिवा बंद पडला तरी दिसावे म्हणून फाळक्यावर पूर्ण रुंदीची लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी चमकती पट्टी लावावी. शेणखत वाहून झाल्यावर ती ओल्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर चिखलाखाली तिचा काही उपयोग नसतो.