फोनची निवड आणि कंपनीवरची निष्ठा



स्मार्टफोन घेताना पहिला निर्णय कंपनीचा नसतो, ऑपरेटिंग सिस्टीमचा असतो. आज तो दोनच नावांत करावा लागतो. एक ॲपलचे आयओएस, जे फक्त आयफोनवर चालते. दुसरे गूगलचे अँड्रॉइड, जे सॅमसंग, शाओमी, विवो, मोटोरोला अशा जवळजवळ बाकी सगळ्यांच्या फोनवर चालते. कॅमेरा, पडदा, रंग, किंमत या गोष्टी त्यानंतरच्या. फोन तीन-चार वर्षांनी बदलतो, सिस्टीम मात्र सहसा बदलत नाही. तिच्याभोवती माणसाचे फोटो, संभाषणे, विकत घेतलेली ॲप आणि बोटांना लागलेल्या सवयी साचत जातात. म्हणूनच पहिला फोन घेणाऱ्याने या निर्णयाला दुकानातल्या अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा.

निवडीला दोनच नावे उरली, ही स्थिती फार जुनी नाही. २००९ साली जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी जवळजवळ निम्मे सिंबियन या सिस्टीमवर चालत, आणि सिंबियन म्हणजे मुख्यतः नोकिया. भारतात नोकियाचे स्थान तर फारच पक्के होते. २००३ साली आलेला, डोक्यावर टॉर्च असलेला नोकिया ११०० गावोगावी पोचला. जगभरात त्याची विक्री २५ कोटींच्या पुढे गेली. २००६ पासून चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूरला नोकियाचे फोन बनू लागले. घरातला दुसरा-तिसरा फोनही नोकियाचाच घ्यायचा, असे असंख्य घरांत ठरलेले असे. त्यामागे अनुभव होता: फोन पडला तरी चाले, बॅटरी दिवसच्या दिवस टिके, दुरुस्ती नाक्यावरच्या दुकानात होई. ही निष्ठा आंधळी नव्हती, कंपनीने ती कामातून कमावली होती. त्यामुळेच पुढे तिचे काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे.

जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगलने अँड्रॉइडची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी त्यावरचा पहिला फोन विक्रीला आला. खरा फरक पडला तो जुलै २००८ मध्ये, ॲपलने ॲप स्टोअर उघडले तेव्हा. तोवर ग्राहक यंत्र विकत घेई. आता यंत्रासोबत त्यासाठी ॲप बनवणाऱ्या हजारो लोकांचे काम त्याला मिळू लागले. ॲप बनवणारे जिथे ग्राहक जास्त तिथे जातात आणि ग्राहक जिथे ॲप जास्त तिथे. एकदा हे चक्र फिरू लागले की मागे पडलेल्या सिस्टीमला उत्तम यंत्रही वाचवू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन बाजूला सारून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी घरोबा केला. जुन्या विश्वासाने नोकियाचा ल्युमिया हा विंडोज फोन घेणाऱ्यांना जून २०१२ मध्ये कळले की पुढची आवृत्ती, विंडोज फोन ८, त्यांच्या फोनवर येणारच नाही. काहीच महिन्यांपूर्वी बाजारात आलेला आणि तेव्हाचा सगळ्यांत वरचा ल्युमिया ९०० सुद्धा त्यातून सुटला नाही. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, १ नोव्हेंबर २०१४ रोजी श्रीपेरुम्बुदूरचे काम थांबले आणि जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरले. ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनवर व्हॉट्सॲप चालणे बंद झाले. यंत्र शाबूत होते, पण त्यावर घरच्यांचा निरोप येत नव्हता.

ब्लॅकबेरीचेही असेच झाले. कंपनीने ४ जानेवारी २०२२ पासून आपल्या जुन्या सिस्टीमच्या सेवा बंद केल्या आणि त्यानंतर त्या फोनवर साधा कॉल लागेल याचीही खात्री उरली नाही. अँड्रॉइड घेतला म्हणजे कंपनी टिकेलच असेही नाही: एप्रिल २०२१ मध्ये एलजीने फोनच्या धंद्यातून अंग काढून घेतले. मात्र एलजीच्या ग्राहकाला पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घेऊन आपली ॲप आणि फोटो तसेच पुढे नेता आले, कारण सिस्टीम तीच होती. ल्युमियावाल्याला सगळे नव्याने मांडावे लागले. कंपनी बुडण्यापेक्षा सिस्टीम बुडणे ग्राहकाला जास्त महाग पडते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

म्हणून फोन घेण्याआधी त्यात काय काय आहे याच्या बरोबरीने त्यातून बाहेर कसे पडता येईल हेही विचारावे. कंपन्या आत येण्याची वाट रुंद ठेवतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर येणाऱ्यांसाठी ॲपलने २०१५ मध्येच स्वतंत्र अँड्रॉइड ॲप काढले. उलट दिशेची वाट तेवढी सोपी नसते, आणि तिच्यातल्या अडचणी फोन विकणारा सांगत नाही. सर्वांत ठळक उदाहरण व्हॉट्सॲपचे. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. वर्षानुवर्षे फोनची जात बदलणाऱ्याला जुन्या गप्पांवर पाणी सोडावे लागे. त्यांत दिवंगत आजी-आजोबांचे आवाजी निरोपही असत. आयफोनवरून अँड्रॉइडवर चॅट नेण्याची अधिकृत सोय २०२१ मध्ये, तीही प्रथम सॅमसंगच्या फोनांपुरती आली, आणि उलट दिशेची २०२२ मध्ये. आजही हे काम नवा फोन पहिल्यांदा मांडतानाच उरकावे हे उत्तम. पैसे देऊन घेतलेली ॲप तर एका दुकानातून दुसऱ्यात नेताच येत नाहीत. फोटोंचे गणित वेगळे: गूगल १५ जीबी जागा फुकट देते, ॲपल ५ जीबी. ती भरली की महिन्याचे भाडे सुरू होते आणि बहुतेकांना ते पुढे चुकत नाही.

अमेरिकेत या अडकण्याला आणखी एक धार आहे. तिथे आयफोनवाले आपसांत ॲपलच्याच आयमेसेजवर बोलतात आणि अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला संदेश त्यांना हिरव्या रंगात दिसतो. शाळकरी मुलांत हा रंग चिडवण्याचा विषय झाला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याने ॲपलवर मक्तेदारीचा दावा दाखल केला, त्यातही या भेदाचा उल्लेख आहे. भारतीय विद्यार्थ्याला हा दबाव मनावर घेण्याचे कारण नाही. इथले बोलणे व्हॉट्सॲपवर चालते आणि पैसे २०१६ पासून यूपीआयवर. दोन्ही गोष्टी सहा हजारांच्या अँड्रॉइडवर आणि लाखाच्या आयफोनवर सारख्याच चालतात. सॅन होजेत राहणाऱ्या मावशीला ॲपलच्या फेसटाइमवर भेटायचे असेल, तर २०२१ पासून तिने पाठवलेल्या दुव्यावरून अँड्रॉइडवाल्यालाही त्या कॉलमध्ये जाता येते.

तरीही लोक कंपन्यांच्या बाजूने भांडतात, मित्रांत तट पडतात. याची कारणे अभ्यासकांनी बरीच आधी शोधली आहेत. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात आढळले की नवी मोटार घेतलेले लोक खरेदीनंतर आपल्याच मोटारीच्या जाहिराती अधिक वाचतात. मोठा खर्च केल्यावर आपण चुकलो नाही, असे मनाला पुन्हा पुन्हा पटवून घ्यावेसे वाटते. फोन घेतल्यावर त्याचीच परीक्षणे पाहत बसणारा मनुष्य हेच करत असतो. २००१ मध्ये मुनीझ आणि ओ'गिन यांनी एकाच वस्तूभोवती जमणाऱ्या अशा समुदायांचा अभ्यास मांडला, त्यात ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचे चाहतेही होते. आपल्या गटात राहण्याचा आनंद खरा असतो, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त त्या आनंदासाठी वाचलेल्या पैशांवर पाणी सोडू नये आणि दुसऱ्याच्या खिशाला हिणवू नये.

कंपन्या स्वतः अशी निष्ठा पाळत नाहीत, हेही चाहत्यांनी लक्षात ठेवावे. एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर पेटंटचा दावा लावला, तो जून २०१८ पर्यंत चालला. हा दावा चालू असतानाच, २०१७ मध्ये आलेल्या आयफोन टेनचा पडदा सॅमसंगने पुरवला. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरमध्ये शोधाला गूगल ठेवावे, यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एकाच वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. ज्यांच्या नावाने कॉलेजच्या कट्ट्यावर वाद होतात, ते एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक आहेत. चिनी नावांचीही हीच गोष्ट: रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोच्याच पोटातून निघाली, आणि वनप्लसचे ओप्पोशी नाते जुने आहे. या नावांच्या फोनांतला फरक अनेकदा एकाच घरातला असतो.

गूगलचा खुलेपणाही अटींशिवाय नाही. अँड्रॉइड सर्वांना खुले असले तरी प्ले स्टोअर आणि गूगलची ॲप हवी तर फोन बनवणाऱ्यांना गूगलच्या अटी पाळाव्या लागत. याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या अटी काही प्रमाणात सैल केल्या. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपललाही कबूल करावे लागले होते की जुनी बॅटरी असलेले काही आयफोन त्यांचे सॉफ्टवेअर मुद्दाम मंद करते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण पटण्याजोगे असले तरी ग्राहकाला न सांगता ते करणे चूक होते. दोन्ही कंपन्या धंदा करतात, यापलीकडे त्यांच्याबद्दल भक्ती बाळगण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष निवडीत सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा अपडेटचा. फोन विकल्यावर त्यातल्या सुरक्षेच्या चुका सापडत राहतात. त्या बुजवणारी अपडेट थांबली की बँकेचे काम त्या फोनवर करणे धोक्याचे होते. इथे ॲपलची कामगिरी जुनी आणि सिद्ध आहे: २०१५ च्या आयफोन सिक्स-एसला २०२१ चे आयओएस १५ मिळाले. अँड्रॉइडची बाजू बराच काळ लंगडी होती. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची मोठी चूक उघडकीस आली, त्यानंतर गूगलने महिन्याला सुरक्षा अपडेट देण्याची पद्धत सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन मिळाले. स्वस्त फोनांत ही वर्षे बरीच कमी असतात आणि खोक्यावर ती ठळक छापलेली नसतात. सात वर्षे चालणारा ३५ हजारांचा फोन तीन वर्षांत निकामी होणाऱ्या २० हजारांच्या फोनपेक्षा स्वस्त पडतो. हा भागाकार दुकानात जाण्याआधी वहीवर करून पाहावा.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक परीक्षा घ्यावी. सुरुवातीच्या अनेक स्मार्टफोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्राने स्वरचक्र हा कळफलक तयार केला आणि तो अँड्रॉइडवर लगेच बसवता आला. ॲपलने मात्र बाहेरच्या कळफलकांना २०१४ च्या आयओएस ८ पर्यंत दारच उघडले नव्हते. आज दोन्हीकडे मराठी कळफलक आहेत, पण सगळे सारखे सोयीचे नाहीत. दुकानातल्याच फोनवर 'ॲप', 'कळफलक', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असे चार शब्द लिहून पाहावेत. हिंदीसाठी आखलेल्या काही कळफलकांवर ऱ आणि ॲ शोधत बसावे लागते, आणि रोज मराठी लिहिणाऱ्या हाताला तो त्रास फार होतो. बोलून लिहिणाऱ्यांना गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीची सोय दिली, ही मोठी मदत आहे, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना.

दुरुस्तीचा विचार गावाप्रमाणे करावा. ॲपलचे स्वतःचे दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये उघडले. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलीने आधी हे पाहावे की फुटलेला पडदा त्याच गावात बदलून मिळेल का, आणि कितीला. या बाबतीत घरच्यांचा अनुभव जाहिरातीपेक्षा मोलाचा. घरात सगळ्यांकडे एकाच जातीचा फोन असेल, तर अडलेल्या आईला फोनवरून समजावणे सोपे जाते. निष्ठेचे हे एक कारण मात्र पूर्णपणे रास्त आहे. चार्जरचा प्रश्न आता मिटला आहे: सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ पासून ॲपलनेही युरोपच्या नियमापुढे मान तुकवून यूएसबी-सी स्वीकारले.

विद्यार्थिदशेत, स्वतःची कमाई सुरू होण्याआधी, अपडेटची वर्षे लेखी दिलेला मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन ही बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. शिक्षणच व्हिडिओ संपादनाचे किंवा संगीताचे असेल आणि घरात मॅक संगणक असेल, तर आयफोनचा जादा खर्च वसूल होतो; मग नव्याऐवजी एक वर्ष जुने मॉडेल घ्यावे. मैत्रिणींकडे आहे म्हणून चोवीस हप्त्यांवर आयफोन घेऊ नये. आणि फोन कोणताही घेतला, तरी दर सहा महिन्यांनी फोटो, गुणपत्रिका आणि महत्त्वाची संभाषणे स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावीत. हे काम पहिला फोन हातात आल्याच्या आठवड्यातच सुरू करावे.