परगृहीं एक वर्ष

आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांमुलींपैकीं कांहींना पुढें परदेशीं जाण्याचा योग येतो. परंतु बहुधा तो पदवी मिळाल्यावर, म्हणजे मन व संवयी दोन्ही पक्कीं झाल्यावर येतो. पंधरासोळा वर्षांच्या मुलानें एकट्यानें परमुलखीं जावें, तेथील एका अपरिचित कुटुंबांत वर्षभर राहावें, तेथल्याच शाळेंत बसावें आणि वर्ष संपतांच स्वगृहीं परत यावें, ही प्रथा निराळी आहे. तिला विद्यार्थिविनिमय असें म्हणतात. या प्रथेचा उगम थोडक्यांत सांगून, अशा मुलाचे नित्याचे दिवस कसे जातात, आणि त्याची व त्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा कोठें होते, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. असा विद्यार्थी पाहुणा नव्हे, आणि पैसे मोजून राहणारा भाडेकरूही नव्हे. पाहुण्याची अक्कल तिसऱ्या दिवशीं जाते, अशा अर्थाची आपल्यांत म्हण आहे. ती थट्टेची असली तरी खोटी नाहीं. पाहुण्यासाठीं घर आपला क्रम मोडतें, आणि मोडलेला क्रम कोणत्याही घरास फार दिवस सोसत नाहीं. भाडेकरू आपलें भाडें देतो व कोणाचा मिंधा राहत नाहीं. अमेरिकेंत तर यजमान कुटुंबास या मुलाबद्दल मोबदला देऊं नये असा नियमच आहे. तेव्हां तो त्या घरांत कोण, हा प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर कागदावर मिळत नसून तें त्या मुलानें व त्या घरानें मिळून वर्षभरांत काढावयाचें असतें.

या प्रथेच्या शाखा अनेक आहेत. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, जखमी सैनिकांस रणभूमीवरून वाहून नेण्यासाठीं फ्रान्समध्यें अमेरिकन स्वयंसेवकांचें एक पथक निघालें. अमेरिकन फील्ड सर्व्हिस हें त्याचें नांव. दोन महायुद्धें जवळून पाहिलेल्या या लोकांनीं पुढें मुलांच्या विनिमयाचें कार्य हातीं घेतलें, आणि १९४७ सालीं दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेंत आणिले. परंतु मला विशेष सांगावयाचें आहे तें १९४९ सालच्या दुसऱ्या एका प्रयत्नाविषयीं. कारण त्यांतील मुलें मित्रराष्ट्राचीं नव्हतीं. तीं जर्मन होतीं.

चर्च ऑफ द ब्रेदरेन नांवाची एक ख्रिस्ती मंडळी आहे. जर्मनींत श्वार्झेनाउ येथें एडर नदीच्या पाण्यांत १७०८ सालीं आठ माणसांनीं बाप्तिस्मा घेतला, तेथून तिचा आरंभ. छळामुळें हे लोक पुढें अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांत गेले व शेतीवर स्थिरावले. युद्धांत शस्त्र धरूं नये अशी त्यांची शिकवण. अर्थात् दुसऱ्या महायुद्धांत त्यांच्यांतील पुष्कळ तरुण शेवटीं सैन्यांत गेलेच, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे आजच्या पालघर जिल्ह्यांतील डहाणूच्या लोकांस या मंडळीचें नांव परकें नाहीं. तिचे मिशनरी १८९४ सालीं हिंदुस्थानांत आले, बलसाड हें त्यांचें पहिलें ठाणें झालें, आणि डहाणूस त्यांचा दवाखाना पुष्कळ वर्षें चालला. याच मंडळींतील डॅन वेस्ट नांवाच्या गृहस्थानें स्पेनच्या यादवी युद्धांत मुलांना दूध वाटतां वाटतां असा विचार केला, कीं पेलाभर दुधापेक्षां गाय दिलेली बरी. त्याप्रमाणें १९४४ पासून अमेरिकन शेतकरी आपल्या गोठ्यांतील कालवडी परदेशीं गरजू कुटुंबांस पाठवूं लागले. अट एवढीच, कीं पहिली कालवड होईल ती शेजाऱ्यास द्यावी. युद्धानंतर अशीं जनावरें युरोपांतही गेलीं. याच मंडळीच्या पुढाकारानें अमेरिकन कुटुंबांच्या घरीं १९४९ सालीं सुमारें पन्नास जर्मन मुलेंमुली एका वर्षासाठीं येऊन राहिलीं.

त्या वेळचें जर्मनी कसें होतें, याची थोडी कल्पना असावी. मोठीं शहरें ढिगाऱ्यांत पडलेलीं, अन्न शिधापत्रिकेवर, बर्लिनचा वेढा नुकताच मे महिन्यांत उठलेला. अनेक मुलांचे वडील युद्धांत पडलेले किंवा रशियाच्या बंदिवासांत. आणि ज्या गांवीं हीं मुलें जावयाचीं, तेथील शेजारच्या घरांतील मुलगा कदाचित् जर्मन गोळीनेंच मेलेला.

अशा एका मुलाचा दिवस आपण कल्पनेनें डोळ्यांसमोर आणूं. सारीं घरें एकसारखीं नसतात. तथापि पुढील गोष्टी त्या दोन देशांच्या चालीरीतींतून सहजच उद्भवणाऱ्या आहेत.

पहिला आठवडा गोड जातो. त्या गोडीवर विश्वास ठेवूं नये. दोन्ही पक्ष एकमेकांस सांभाळून असतात, मुलगा प्रत्येक गोष्टीस होय म्हणतो, आणि घरचीं माणसें त्याला पुन्हां पुन्हां वाढतात. त्याच्या ताटांत उकडलेलें मक्याचें कणीस येतें. त्याच्या देशांत मका हें कोंबड्यांचें खाद्य. पांढरा मऊ पाव त्याला कापसासारखा लागतो, कारण घरीं तो राय धान्याचा काळा जड पाव खात आलेला. घरीं दुपारीं ऊन जेवण व रात्रीं थंड पावतुकडा. येथें दुपारीं तुकडा व संध्याकाळीं जेवण. तो कांटा डाव्या हातांत धरतो व दोन्ही मनगटें मेजावर ठेवतो, कारण तीच रीत त्याला लहानपणापासून शिकविलेली. येथें डावा हात मांडीवर ठेवणें हा सभ्यपणा. कोणीच उद्धट नसतां दोघेही एकमेकांस थोडे गांवढळ वाटतात.

याहून अवघड गोष्ट दाराची. जर्मन घरांत खोलीचें दार लावून घेणें हा नीटनेटकेपणा होय. अमेरिकन घरांत दारें उघडीं असतात, आणि लावलेल्या दाराचा अर्थ आंतील माणूस रुसला आहे किंवा त्याला कांहीं दुःख आहे असा होतो. मुलगा आपल्या रीतीनें दार लावून अभ्यासास बसतो. बाहेर यजमानीणबाई काळजी करीत उभ्या राहतात, आपलें काय चुकलें म्हणून. हळूच दार ठोठावून विचारतात, काय झालें? तो म्हणतो, कांहीं नाहीं. त्यांना तें उत्तर खरें वाटत नाहीं, आणि त्याला तो प्रश्न कळत नाहीं. परगृहींच्या जीवनांतील दुःखें बहुतेक अशींच असतात. त्यांत खलपुरुष कोणी नसतो; दोन बऱ्या माणसांच्या मध्यें एक दार असतें.

भाषेचेंही तसेंच. आपल्या मराठींत तूं, तुम्ही, आपण या तीन पायऱ्या आहेत. जर्मन भाषेंत दोन आहेत. इंग्रजींत एकच शब्द साऱ्यांना. मोठ्यांस अहो-जाहो करण्यास शिकलेल्या मुलास वाटतें, कीं आपण यजमानांचा सारखा अपमान करीत आहों. त्यांतून ते म्हणतात, आम्हांला आई-बाबा म्हण. ज्याचे वडील परत आलेच नाहींत, अशा मुलानें तो शब्द कसा उच्चारावा? कित्येक मुलें कोणत्याच नांवानें हांक न मारतां महिनेच्या महिने काढतात. समोर येऊन उभीं राहतात आणि मग बोलतात. माझ्या मतें यजमानांनीं या बाबतींत घाई करूं नये.

आतां कामाकडे येऊं, कारण माझ्या समजुतीनें सारें मर्म तेथें आहे. शेतकऱ्याच्या घरांत पहाटे गायींचें दूध काढावें लागतें, शाळेची गाडी येण्यापूर्वीं कोंबड्यांना दाणा घालावा लागतो, आणि जेवणानंतर भांडीं घासण्याची पाळी घरच्या मुलांवर येते. कांहीं घरांत त्यांत मुलगा-मुलगी असा भेद नसतो. पहिल्या आठवड्यांत यजमानीणबाई म्हणतात, राहूं दे, तूं बस. हें ऐकावयास बरें वाटतें. परंतु जोपर्यंत तो बसून राहतो, तोपर्यंत घरचीं मुलें त्याच्याकडे वाकड्या नजरेनें पाहतात, आणि त्यांचेंही चुकत नाहीं. त्यांची अर्धी खोली त्यानें घेतलेली असते, आणि काम मात्र त्यांच्याच वांट्याला. ज्या दिवशीं पाळीच्या कागदावर त्याचेंही नांव लिहिलें जातें, त्या दिवशीं त्याला घरांत जागा मिळते. पवित्र शास्त्रांतील रूथ ही परदेशी सून बेथलेहेमच्या शेतांत सरवा वेंचूं लागली, त्यानंतरच शेताच्या धन्यानें तिची विचारपूस केली, हें आपणांस ठाऊक आहेच.

आणि एके दिवशीं त्याला बोलणीं बसतात. कोंबड्यांच्या खुराड्याचें दार रात्रीं उघडें राहिलें, किंवा असेंच कांहीं. यजमान आपल्या मुलावर ओरडतात तसे त्याच्यावरही ओरडतात. मुलगा खोलींत जाऊन रडतो, घरीं लांबलचक पत्र लिहितो, परत यावयाचें आहे म्हणून कळवितो. त्याला हें समजत नाहीं, कीं पाहुण्यावर कोणी ओरडत नसतो. पत्र समुद्रापलीकडे जाऊन त्याचें उत्तर येईपर्यंत आठवडे लोटतात, आणि तोंवर ती गोष्ट तो विसरूनही गेलेला असतो.

शाळेविषयीं थोडक्यांत. जर्मन मुलास एकाच वर्गांत बसून नेमलेले सारे विषय शिकण्याची संवय. येथें तासातासाला खोली बदलावयाची, कांहीं विषय स्वतः निवडावयाचे, आणि चेंडूचा सामना म्हणजे साऱ्या गांवाचा उत्सव. अभ्यास त्याला सोपा वाटतो, पण एकटेपणा अवघड. अशा मुलांकडून सभांतून भाषणें करविण्याची व त्यांची छायाचित्रें छापण्याची जी हौस असते, तिची मला फारशी किंमत वाटत नाहीं. भाषणांत तो आपल्या देशाचा प्रतिनिधि असतो. भांडीं घासतांना तो फक्त तो असतो, आणि मैत्री तेथेंच होते.

एका प्रसंगाचा मात्र उल्लेख केला पाहिजे. ब्रेदरेन मंडळींत प्रीतिभोजनाचा विधि आहे. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून उपासक एकमेकांचे पाय धुतात, कंबरेच्या पंचानें पुसतात, मग साधें जेवण व प्रभुभोजन होतें. लूथरपंथी घरांत वाढलेल्या जर्मन मुलानें हें पूर्वीं पाहिलेलें नसतें. पुत्र गमावलेला कोणी वृद्ध शेतकरी शेजाऱ्याच्या पायांपुढें ओणवा झालेला त्यानें पाहिला, तर त्याच्या मनांत काय येत असेल, याविषयीं मी लिहीत नाहीं.

नाताळांत घरची आठवण अनावर होते. जर्मनींत सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळीं होतो. त्याच रात्रीं झाडावर मेणबत्त्या लागतात व भेटी उघडतात. अमेरिकन घरीं भेटी २५ तारखेस सकाळीं. म्हणजे ज्या संध्याकाळीं त्याचें सारें घर झाडाभोंवतीं जमलेलें, त्या संध्याकाळीं येथें कांहींच नाहीं. समंजस यजमानीण ही गोष्ट आधीं विचारून घेते.

हें कार्य पुढें वाढलें. इतर मंडळ्या सामील होऊन १९५७ सालीं त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि अमेरिकन मुलेंही युरोपांत जाऊं लागलीं. आज या ना त्या संस्थेमार्फत भारतांतील मुलेंही अशीं जातात. म्हणून पालकांसाठीं दोन गोष्टी सांगतों. कांहीं ठिकाणीं मुलांची आबाळ व छळ झाल्याचें उघडकीस आल्यावर अमेरिकन सरकारनें २०१० सालीं नियम अधिक कडक केले: घरांतील प्रौढ माणसांची पूर्वचौकशी व्हावी, संस्थेचा प्रतिनिधि १२० मैलांच्या आंत असावा, आणि त्यानें दरमहा मुलाशीं व कुटुंबाशीं बोलावें. त्या प्रतिनिधीचें नांव व दूरध्वनि मुलाजवळ नेहमीं असावा. घर बदलून मागणें ही नामुष्की नव्हे, आणि भिण्यासारखें कांहीं घडल्यास तर एक दिवसही थांबूं नये. दुसरी गोष्ट दूरध्वनीचीच. पूर्वीं जें दुःख पत्र पोहोंचेपर्यंत निवळत असे, तें आतां त्याच क्षणीं आईच्या कानीं येतें, आणि ती इकडे रात्रभर जागी राहते. रोज बोलणाऱ्या मुलाचें शरीर तेथें व मन येथें राहतें. आठवड्यांतून एक दिवस ठरवावा. मात्र संकटाच्या हांकेस वार-वेळ नसावी.

वर्ष संपल्यावर मुलगा घरीं येतो, तेव्हां उंचीनें वाढलेला असतो. आपल्या भाषेंतील एखादा साधा शब्द त्याला चटकन् आठवत नाहीं. आई आवडीचे पदार्थ करते, त्याला हात लावूं देत नाहीं, आणि शेजारीं भेटावयास येतात. जेवण झाल्यावर तो संवयीनें उठतो, ताटें गोळा करतो व मोरीकडे जातो. आई म्हणते, राहूं दे, तूं बस.