कोरडा दिवस परवडतो का?

'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' ही पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. वाचतो आणि पुढं जातो. मग सवय बदलण्यावर केलेला खर्च वसूल होतो का? इंजिनिअरच्या नजरेनं हिशेब करून बघू.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा गावात भरलेलं पाणी ओतून देणं जिवावर येतं. आणि शहरी मलेरियाचा ॲनॉफेलिस स्टीफेन्साय डास नेमका स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो. डेंग्यूच्या एडिसचंही तसंच. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं (ता. हिमायतनगर) घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जिरवलं. गटारातल्या क्युलेक्स डासांवर तो उत्तम उपाय. पण उघड्या टाकीचं काय?

गरम हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून सात दिवसांच्या आत भांडं रिकामं करून घासायचं.

आता हिशेब. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुम्ही आपापल्या हॉस्टेलचे घाला. टाक्यांची झाकणं आणि ओव्हरफ्लो पाइपची जाळी, एकदाच : १८०० रु. दर रविवारी दोघांचा एक तास, ताशी १०० रु. प्रमाणे २०० रु.; जुलै ते ऑक्टोबरचे १६ आठवडे : ३२०० रु. एकूण ५००० रु. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी आणि गोळ्या मोफत असतात. तरी जाणं-येणं, गावाहून धावत आलेल्या वडिलांची बुडालेली मजुरी धरून एका आजाऱ्यामागं २५०० रु. धरा. म्हणजे दोन पोरं आजारी पडायची वाचली की पैसे वसूल.

खरी गोम पुढं आहे. कंटाळा करून आठवडाआड साफसफाई केली तर खर्च ३४०० वर येतो. फायदा तेवढाच राहील का? नाही! चुकलेल्या आठवड्यात अळीचा डास होऊन उडून जातो. खर्च बराचसा झालेला, फायदा मात्र घटलेला. म्हणून नुसती पाटी स्वस्त दिसते, पण महाग पडते. पैसे वसूल होतात ते टिकलेल्या सवयीतून.

मग पाणी वाया घालवायचं का? अजिबात नाही. बादली, ड्रममधलं पाणी दाट कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, रिकामं भांडं घासा. अळ्या कापडावर राहतात, त्या कोरड्या मातीत टाका. रिकामी करता न येणारी टाकी घट्ट झाका. उघड्या हौदात गप्पी मासे सोडा.

तेव्हा पुढची पाटी लावण्याआधी एक वही लावू. दर रविवारी कुणाची पाळी, आणि सही. वहीची किंमत? दहा-वीस रुपये!