काठीच्या होळीत कॅमेरा

प्रश्न : होळीला नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीला जायचे आहे. मोरपिसांचे टोप घातलेल्या नर्तकांचे फोटो काढताना काय पाळावे?

उत्तर : अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी हा सातपुड्यातल्या आदिवासींचा मोठा मानाचा सण. उंच बांबूचा दांडा उभारतात, ढोलाच्या तालावर रात्रभर नाच रंगतो आणि होळी पेटते ती पहाटे. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप असा जो नाचताना दिसतो, तो नवस फेडत असतो. त्यासाठी त्याने दिवसचे दिवस कडक व्रत पाळलेले असते. हा वेश पाहुण्यांसाठी चढवलेला नाही. त्यामुळे फोटोसाठी त्याला नाचता नाचता थांबवणे, टोपाला हात लावणे किंवा खांद्यावर हात टाकून सेल्फी घेणे म्हणजे त्याच्या व्रतात ढवळाढवळच.

नाचाचे रिंगण दुरून टिपायला हरकत नसते. चांदीचे दागिने ल्यायलेल्या बाईचा किंवा लहान मुलाचा चेहरा जवळून घ्यायचा असेल, तर आधी विचारावे. भाषा येत नसली तरी कॅमेरा दाखवून खुणेने विचारता येते, आणि नकारही खुणेने कळतो. अंधारात डोळ्यांवर फ्लॅश तर मुळीच नको.

जपानमध्ये क्योतोच्या गिओन भागात गेइशा या पारंपरिक कलावतींमागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांचा इतका जाच झाला, की २०२४ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्या त्यांना बंद झाल्या. शिरल्यास दंड १० हजार येन. काठीत अशी बंदीची पाटी लावायची वेळ पाहुण्यांनी आणू नये.

फोटो चांगला आला, तर त्याची छापील प्रत ज्यांचा फोटो आहे त्यांच्या घरी जरूर पोहोचवा.